पाणी, वीज आणि हम्फ्री डेव्ही

पाण्यात दोन तारा सोडायच्या, त्या बॅटरीला जोडायच्या आणि दोन्ही टोकांशी उठणारे बुडबुडे उलट्या परीक्षानळ्यांत गोळा करायचे. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन. हायड्रोजन बरोबर दुप्पट. विद्युत अपघटनाचा हा प्रयोग शाळेत प्रत्येकाने पाहिलेला किंवा निदान पुस्तकात वाचलेला असतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी रांगा लागल्या आणि विशाखापट्टणमहून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने नागपूर-नाशिकला आणावे लागले, तेव्हा हाच प्रयोग अनेकांना आठवला. पाणी घरात आहे, वीज घरात आहे, मग प्राणवायू घरीच का करू नये? प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यात जवळजवळ पूर्ण सापडते, तो सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा होता आणि सुरुवातीला डॉक्टर व्हायला निघाला होता.

हम्फ्री डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावचा. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये ते वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. पाच भावंडांत हम्फ्री थोरला. पुढच्याच वर्षी त्याला गावातले शल्यवैद्य बोर्लेस यांच्याकडे उमेदवारीला ठेवले. त्या काळी वैद्यकीचे शिक्षण बहुतेकांना असेच मिळे: औषधे कुटायची, पुड्या बांधायच्या, जखमा धुवायच्या आणि मालकाबरोबर घरोघर हिंडायचे. हम्फ्रीचे मन औषधांपेक्षा ती ज्यांतून बनत त्या आम्ल-क्षारांत जास्त रमे. १७९७ च्या अखेरीस त्याच्या हाती लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ पडला. ऑक्सिजन हे नाव रूढ करणारा हा फ्रेंच शास्त्रज्ञ तीनच वर्षांपूर्वी गिलोटिनखाली गेला होता. जेमतेम एकोणीस वर्षांच्या पोराने पुस्तक वाचून संपवले आणि त्यातल्या काही गोष्टी चुकीच्या आहेत असे ठरवून टाकले. पुढे त्यातली एक खरोखरच चुकीची निघाली.

त्याच हिवाळ्यात डेव्हीच्या आईकडे एक भाडेकरू राहायला आला. वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॅट यांचा मुलगा ग्रेगरी. त्याला क्षय होता आणि कॉर्नवॉलची हवा मानवेल म्हणून त्याला पाठवले होते. वॅट यांची मुलगी जेसी त्याआधी १७९४ मध्ये क्षयानेच गेली होती. त्या दुःखातून वॅट ब्रिस्टलच्या डॉ. थॉमस बेडोज यांच्या मदतीला उभे राहिले होते. निरनिराळे वायू हुंगायला देऊन फुप्फुसाचे रोग बरे करता येतील, अशी बेडोज यांची कल्पना होती. वायू तयार करण्याची आणि साठवण्याची यंत्रे वॅट यांनी बनवून दिली. या वायुचिकित्सेच्या संस्थेला, न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनला, प्रयोग करणारा कुणी तरुण हवा होता. ऑक्टोबर १७९८ मध्ये डेव्ही उमेदवारी अर्धी टाकून ब्रिस्टलला गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

तिथे त्याने जे केले ते आज कोणतीही नैतिकता समिती चालू देणार नाही. जो वायू तयार होईल तो आधी स्वतःच्या छातीत भरून पाहायचा, ही त्याची पद्धत. नायट्रस ऑक्साइड म्हणजे रोगाचे बीजच, असे अमेरिकेतल्या एका विद्वानाचे मत होते. डेव्हीने तो वायू हुंगला. रोग झाला नाही. उलट हसू आले आणि अंग हलके झाले. अक्कलदाढेच्या जागी हिरडी सुजली होती, तिचे ठणकणेही वायू घेतल्यावर कमी झाले. १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने हे नोंदवले आणि फारसा रक्तस्राव होणार नाही अशा शस्त्रक्रियांत या वायूचा उपयोग होऊ शकेल, असे सुचवून ठेवले. वैद्यकाने या सूचनेकडे पाठ फिरवली. दात उपटताना हा वायू वापरण्याचे होरेस वेल्सला सुचेपर्यंत १८४४ साल उजाडले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत किती जणांचे हातपाय पूर्ण शुद्धीत कापले गेले असतील, याचा हिशेब न केलेला बरा.

दुसरा एक वायू मात्र जिवावर बेतला. तापलेल्या कोळशावरून वाफ सोडली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण तयार होते. डेव्हीने ते ओढायला घेतले. तिसऱ्या श्वासाला छाती बधिर झाल्यासारखी वाटली आणि नळी हातातून गळून पडली. कसाबसा तो मोकळ्या हवेत आला. त्याही अवस्थेत त्याने स्वतःची नाडी चाचपली; ती धाग्यासारखी बारीक आणि वेगाने चालली होती. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. आणखी दोन श्वास घेतले असते, तर हा लेख दुसऱ्या कुणावर लिहावा लागला असता. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे आजही दर हिवाळ्यात माणसे दगावतात ती याच वायूने. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि धोक्याची सूचनाही नसते.

वायूंनी क्षय काही बरा झाला नाही. ग्रेगरी वॅटही १८०४ मध्ये गेला. ब्रिस्टलची ती संस्था हळूहळू गरिबांच्या साध्या दवाखान्यासारखी झाली. पण श्वासावाटे दिलेला वायू हे औषध असते, त्याची मात्रा असते आणि तो शुद्ध असावा लागतो, ही जाणीव डेव्हीला इथेच आली.

१८०० मध्येच विजेची गोष्ट सुरू झाली. इटलीच्या व्होल्टाने तांबे किंवा चांदी आणि जस्त यांच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून, सलग वीज देणारा स्तंभ बनवला. त्याचे पत्र लंडनला पोचताच विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाईल यांनी तसाच स्तंभ रचला. कार्लाईल हे वेस्टमिन्स्टर रुग्णालयातले सर्जन. २ मे १८०० रोजी त्यांनी स्तंभाच्या तारा पाण्यात सोडल्या. एका तारेशी हायड्रोजन आला, दुसऱ्या तारेशी काहीच नाही. ती तार नुसती काळवंडत गेली. तिथे सुटणारा ऑक्सिजन तारेचा धातूच खाऊन टाकत होता. प्लॅटिनमची तार वापरली तेव्हा कुठे दोन्ही वायू मिळाले. घरगुती प्रयोगातली पहिली फसगत ती हीच. तांब्याच्या तारेचे धन टोक पाण्यात बुडवले, तर प्राणवायूऐवजी हिरवट-निळसर गाळ हाती येतो.

मार्च १८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. ठेंगणा, बारीक अंगकाठीचा, कॉर्नवॉलचे हेल काढून बोलणारा हा तरुण व्याख्यानांनी शहराचा लाडका झाला. आल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी होई. कीर्ती त्याला आवडे, हेही सांगायला हवे. पुढे ती जरा जास्तच आवडू लागली.

त्याचे सगळ्यात चांगले काम मात्र झगमगाटाचे नाही. पाण्यातून वीज सोडली की एक गोष्ट सगळ्यांना चकवीत असे. धन टोकाशी ऑक्सिजनबरोबर थोडे आम्ल आणि ऋण टोकाशी हायड्रोजनबरोबर थोडा क्षार सापडे. पाणी तर शुद्ध घेतलेले, मग हे आले कुठून? वीजच नवे पदार्थ निर्माण करते, असेही काहींना वाटू लागले होते. डेव्हीने पोलिसी तपास करावा तसा एकेका संशयिताचा पिच्छा पुरवला. काचेच्या भांड्यातून सोडा पाझरत होता, म्हणून काच बाद. अकीकाची वाटी घेतली. क्षार कमी झाला, गेला नाही. मग सोन्याचे पेले घेतले. पाणी चांदीच्या पात्रात ऊर्ध्वपातित केले. तरीही थोडे आम्ल उरलेच. ते हवेतल्या नायट्रोजनमुळे असणार असे मानून त्याने संपूर्ण उपकरण हंडीखाली ठेवले, आतली हवा उपसून काढली आणि तिथे हायड्रोजन भरला. आता आम्ल नाही आणि क्षारही नाही. फक्त दोन वायू. २० नोव्हेंबर १८०६ रोजी रॉयल सोसायटीपुढच्या बेकरियन व्याख्यानात त्याने हे मांडले. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे तेव्हा युद्ध चालू होते, तरी नेपोलियनने ठेवलेले तीन हजार फ्रँकचे पारितोषिक पॅरिसने या शत्रूच्या माणसाला दिले.

म्हणजे १८०६ मध्येच एवढे स्पष्ट झाले होते की पाण्यातून नुसता ऑक्सिजन मिळवायचा तर भांडे, तारा, पाणी आणि भोवतालची हवा या चारही गोष्टींवर लक्ष ठेवावे लागते. स्वयंपाकघरातल्या बरणीत यातले काहीच होत नाही. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात मीठ टाकले जाते. मीठ टाकले की धन टोकाशी ऑक्सिजनपेक्षा क्लोरीन अधिक सहज सुटतो. स्टीलचा चमचा तार म्हणून वापरला, तर त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते.

क्लोरीनची ओळख जगाला पटवून दिली तीही डेव्हीनेच. तो वायू शेलेने १७७४ मध्ये शोधला होता, पण लाव्हाझिएच्या मताप्रमाणे प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, म्हणून हा पिवळसर हिरवा वायू ऑक्सिजनचेच एक संयुग मानला जाई. डेव्हीने त्यात कोळसा लालबुंद करून पाहिला. ऑक्सिजनचा कणही निघाला नाही. १८१० मध्ये त्याने जाहीर केले की हे मूलद्रव्य आहे, आणि त्याच्या रंगावरून ग्रीक भाषेतून त्याला नाव दिले. पेन्झान्समध्ये वाचलेल्या पुस्तकातली चूक ती ही. हा वायू फुप्फुसात गेला की तिथल्या ओलाव्याशी संयोग पावून आम्ले बनतात, वायुकोशांचे नाजूक अस्तर भाजते आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरू लागते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ईप्रच्या खंदकांवर सोडला तो हाच. न्यूमोनियाने आधीच अर्धी निकामी झालेली फुप्फुसे घेऊन पलंगावर पडलेल्या रुग्णाला मिठाच्या पाण्याच्या बरणीतून प्राणवायू देणे म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावे.

मीठ टाळून, योग्य क्षार आणि योग्य धातू वापरून कुणी हे उपकरण नीट बांधले, तरी हिशेब आडवा येतो. तो करण्याचे नियम १८३३-३४ मध्ये डेव्हीचाच शिष्य मायकेल फॅरडे याने घालून दिले. एक अँपिअर वीज मिनिटभर सोडली की जेमतेम पावणेचार मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो. मोबाइलच्या दोन अँपिअरच्या चार्जरने तासाभरात साडेचारशे मिलिलिटर. माणूस एका साध्या श्वासात साधारण पाचशे मिलिलिटर हवा घेतो. म्हणजे तासाभराच्या खटाटोपाने एक श्वासदेखील पुरता भरत नाही. रुग्णाला मिनिटाला पाच लिटर द्यायचा तर सुमारे १३०० अँपिअर लागतात. अनेक कुप्या एकापुढे एक जोडून प्रवाह कमी करता येतो, पण लागणारी एकूण वीज कमी होत नाही: अडीच किलोवॉट, म्हणजे पाणी तापवण्याचा गिझर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे. गंमत अशी की पाणी तासाला अर्धा लिटरही लागत नाही. अडते ते विजेपाशी आणि नको असलेल्या सोबत्यापाशी. पाच लिटर ऑक्सिजनबरोबर मिनिटाला दहा लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की पंख्याच्या बटणाची ठिणगी पुरते. दोन्ही तारा एकाच बरणीत असतील तर निघणारे मिश्रण म्हणजे स्फोटकच, आणि नळीवाटे ते रुग्णाच्या नाकाशी जोडलेले.

पाणबुडीत आणि अंतराळ स्थानकात पाण्यापासून ऑक्सिजन खरोखर करतात. तिथे दोन्ही वायू पडद्याने वेगळे ठेवतात आणि हायड्रोजन लगेच बाहेर काढण्याची सोय असते. घरोघरी वापरला जाणारा कॉन्सन्ट्रेटर पाण्याला हातच लावत नाही. हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आयता असतो. यंत्र फक्त नायट्रोजन गाळून काढते आणि पाच लिटरसाठी साडेतीनशे वॉटच्या आसपास भागवते. तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली उतरत असेल, धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर जोडाजोडीत घालवलेला तास रुग्णालयात पोचण्याच्या वेळेतून वजा होतो. सीओपीडीसारखा श्वसनाचा जुना आजार असलेल्यांचा आकडा मुळातच कमी असू शकतो. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावी. त्यांना भरमसाट ऑक्सिजनही अपाय करतो.

पाण्याचा हा हट्ट डेव्हीलाही आडवा आला होता. दाहक पोटॅशमध्ये एखादा अज्ञात धातू दडला आहे, असा त्याला संशय होता. पण पोटॅशच्या द्रावणातून कितीही वीज सोडली तरी फुटे ते पाणीच. शेवटी ऑक्टोबर १८०७ मध्ये त्याने कोरडे, नुसती हवेची ओल धरलेले पोटॅश घेतले आणि मोठी बॅटरी जोडली. पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब आले आणि काही तर फटकन पेटले. ते पोटॅशियम होते. डेव्ही खोलीभर नाचला, असे तिथे हजर असलेल्या त्याच्या चुलतभावाने सांगून ठेवले आहे. काही दिवसांतच सोडियम मिळाले. आज रक्ततपासणीच्या कागदावर ही दोन नावे शेजारी छापलेली असतात.

त्या नोव्हेंबरचे व्याख्यान संपताच डेव्हीने अंथरूण धरले. न्यूगेट तुरुंगात हवा खेळती कशी ठेवावी हे पाहायला तो गेला होता आणि तिथून ताप घेऊन आला, असे त्याचे स्वतःचे मत होते. तुरुंगातला ताप म्हणजे बहुधा उवांमुळे पसरणारा टायफस. उवांचा संबंध कळायला आणखी शंभर वर्षे लागायची होती. कित्येक आठवडे तो मरणाच्या दारात होता. बरा झाला आणि १८०८ मध्ये त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वेगळी केली.

१८१२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, तीनच दिवसांनी श्रीमंत विधवा जेन अ‍ॅप्रीसशी त्याचे लग्न झाले आणि वर्षअखेर नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा स्फोट होऊन डोळ्याला इजा झाली. लिहून घ्यायला कुणी हवे म्हणून एका पुस्तकबांधणीवाल्याकडचा होतकरू मुलगा काही दिवस बोलावला गेला. तो फॅरडे. पुढे या शिष्याचे नाव आपल्या वर जाऊ लागल्यावर डेव्हीला ते सोसले नाही. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष असताना १८२४ मध्ये त्याने फॅरडेच्या निवडीला विरोध केला. फॅरडे निवडून आलाच.

स्फोटांशी डेव्हीचे नाव कायमचे जोडले गेले ते मात्र चांगल्या कारणाने. १८१२ मध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत मिथेनचा स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली. १८१५ च्या शरद ऋतूत डेव्हीने या प्रश्नात डोके घातले आणि काही महिन्यांत उत्तर काढले. ज्योतीभोवती चौरस इंचाला ७८४ छिद्रांची तारेची जाळी बसवली, की जाळी उष्णता शोषून घेते आणि ज्योत बाहेर पडत नाही. त्याने पेटंट घेतले नाही. दुर्दैव असे की दिवा सुरक्षित म्हणून मालकांनी माणसांना अधिक धोकादायक थरांत उतरवले आणि मृत्यू अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. आणि ही जाळी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मिश्रणाला पुरत नाही. त्याची ज्योत कितीतरी बारीक फटीतून पलीकडे जाते.

१८२६ च्या सप्टेंबरात आई गेली आणि डिसेंबरात डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला. वय अठ्ठेचाळीस. पुढच्या वर्षी अध्यक्षपद सोडून तो युरोपात हिंडत राहिला. थोडे लिहावे, मासे धरावेत. फेब्रुवारी १८२९ मध्ये रोमला दुसरा झटका आला. धाकटा भाऊ जॉन सैन्यात डॉक्टर होता, तो माल्टाहून धावत आला. वाटेत थांबत थांबत सगळे २८ मे रोजी जिनिव्हाला पोचले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डेव्ही गेला. नाडी लागत नाही म्हणजे माणूस मेलाच असे नाही, हे ब्रिस्टलच्या त्या दिवसापासून त्याच्या मनात राहिले असावे. आपले शवविच्छेदन करू नये आणि पुरण्याची घाई करू नये, असे त्याने सांगून ठेवले होते. जिनिव्हाच्या कायद्यात असा उशीर बसत नव्हता. शुक्रवारी तो वारला आणि सोमवारी प्लँपालेच्या दफनभूमीत त्याला पुरले.